अकरा रुपयांची तिकिटं

पोस्टातल्या मोहनबाबूंच्या तराजूवर माझं पाकीट अठरा ग्रॅम भरलं. वीस ग्रॅमपर्यंत जर्मनीला विमानानं अकरा रुपये पडत.

"दो ग्राम बच रहा है, पंडितजी," मोहनबाबू म्हणाले. "कहिए तो एक आशीर्वाद और लिख दीजिए."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं घरी पोचल्यावर सुचतात. पाच-पाचाची दोन आणि एकाचं एक अशी तिकिटं घेऊन मी ती वहीत ठेवली आणि पाकीट उघडंच घरी घेऊन आलो. चिकटवायचं काम मी घरी करत असे.

हे एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या श्रावणातलं. काशीत ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत आम्ही दोघंच राहत होतो, मी आणि माझी बायको लीला. एका संस्कृत ग्रंथालयाच्या पोथी विभागातून मी निवृत्त झालो होतो. विद्वान म्हणून नव्हे. पोथ्यांची फाटलेली पानं जोडायचं माझं काम होतं. एकतीस वर्षं तेच केलं. जोडता जोडता वाचतही असे, पण कुणाला सांगत नसे.

एकदाच सांगितलं. १९६३ साली एका पोथीच्या पुठ्ठ्यात अस्तर म्हणून लावलेलं एक जुनं पान मला मिळालं. वेदपठणाच्या नियमांवरचा एक छोटा ग्रंथ आहे, त्याच्या सगळ्या प्रती शेवटाला तुटलेल्या आहेत. त्या पानावर त्याचे शेवटचे सहा श्लोक आहेत असं मला वाटलं. मी धावत साहेबांच्या खोलीत गेलो. ते म्हणाले, "शेवडे, चिकटवणाऱ्यानं चिकटवावं. वाचायला इतर लोक आहेत." मी पातळ कागदावर पेन्सिलीनं पानाची नक्कल उतरवून घेतली आणि गप्प बसलो. पुढे ग्रंथालय दुसऱ्या इमारतीत गेलं. त्या घोळात ते पान कुठल्या बासनात बांधलं गेलं, ते आजवर कुणाला सापडलेलं नाही. उरली ती माझी नक्कल.

तीस वर्षांनी डॉ. होल्म नावाच्या एक जर्मन बाई काशीत आल्या. त्या त्याच ग्रंथाची आवृत्ती करत होत्या. आमच्या घरी आल्या, लीलाच्या हातचं थालीपीठ खाल्लं, नक्कल दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग संस्कृतात म्हणाल्या, हा ग्रंथाचाच शेवट असावा. पण छापायचा तर पूर्ण नक्कल हवी आणि प्रत्येक पुसट अक्षरावर तुमचं टिपण हवं. त्यांचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. नक्कल तेव्हाच त्यांच्या हातात द्यायला मी धजलो नाही. म्हटलं, नीट करून पाठवतो. त्यांनी बजावलं होतं की डिसेंबर संपला की छपाईत काही घेता येणार नाही. म्हणजे ते सहा श्लोक, आणि माझ्या हातून झालेलं एकुलतं एक काम, पाच महिन्यांत जर्मनीला पोचलं तर पोचलं.

साडेसहा रुपयांचं हवाई पत्र मिळत असे, पण त्यात आत कागद घालता येत नाही. झेरॉक्सवर पेन्सिल उमटेना. म्हणून मी नक्कल पुन्हा हातानं उतरवली, टिपण जोडलं आणि अकरा रुपयांचं पाकीट केलं.

"अकरा रुपये!" लीला म्हणाली. "अहो, लिटरभर दूध येईल."

"दूध इथल्या इथे मिळतं," मी म्हणालो. हे उत्तर मात्र वेळेवर सुचलं.

भाद्रपद गेला, उत्तर नाही. मी पुन्हा नक्कल केली, पुन्हा पाकीट टाकलं. दसऱ्याच्या आधी तिसरं टाकलं. दिवाळीलाही काही आलं नाही.

प्रथम मला वाटलं, माझं वाचनच चुकलं असेल. बाई सभ्य आहेत, तोंडावर कशाला बोलतील? तीन रात्री मी टिपण काढून बसलो. चौथ्या श्लोकातलं एक अक्षर मला 'घ' वाटलं होतं, ते 'ध' वाटायला लागलं, मग पुन्हा 'घ'.

"चूक निघाली असती तर त्यांनी दहा पानं लिहून कळवलं असतं," लीला म्हणाली. "जर्मन आहेत त्या. गप्प बसतील होय? तुम्ही ठप्पा समोर मारून घेता ना?"

मी टिपणाचे कागद आवरायला लागलो.

"नाही घेत! म्हणजे तेहतीस रुपयांची तिकिटं कोरीच्या कोरी पेटीत टाकलीत. अहो, परदेशी पाकिटाचं तिकीट वाफेवर उकलतात, पुन्हा विकतात आणि चिठ्ठी जाते गंगेत. ही गोष्ट गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल."

काशीत ज्याचं कुणी परदेशात आहे तो खिडकीशी उभा राहून "मेरे सामने मारिए" असं म्हणतोच. मी त्यांना म्हणताना ऐकलं होतं. पण समोरच्या माणसाला तोंडावर चोर म्हणण्यातलाच तो प्रकार, असं मला वाटे. मी घरून तिकीट लावून आणी आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून लाल पेटीत पाकीट सोडी. वर स्वतःचं नाव-पत्ताही लिहीत नसे; आपलं नाव चार हातांतून फिरावं याचा संकोच. रजिस्टर करायचा विचार आला होता, पण खिडकीवरचा माणूस विचारणार, एवढं काय आहे आत? मी काय सांगणार होतो?

लीलानं ते शब्द उच्चारले आणि मोहनबाबू मला वेगळे दिसायला लागले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं ते लहानसं पोस्ट ते जवळजवळ एकटेच चालवत. पन्नाशीचे, जाड भिंगाचे, सदा कुणाची तरी थट्टा करणारे. मला आठवलं, डॉ. होल्म यांचं पहिलं पत्र आलं तेव्हा त्यांनी पाकिटाकडे बोट करून म्हटलं होतं, "ये जर्मन टिकट हमको दे दीजिएगा, पंडितजी. शौक है." मी काहीतरी पुटपुटून पाकीट घरी नेलं होतं. म्हणजे माणसाला तिकिटांचा शौक आहे. आणि माझ्यावर राग असायला कारणही आहे. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली आणि ती इतकी नीट जुळली की मला भीती वाटली.

मी एक परीक्षा घ्यायची ठरवली. एक आंतर्देशीय पत्र घेतलं, त्यावर स्वतःचंच नाव घातलं, आत 'कुशल' एवढंच लिहिलं आणि त्याच पेटीत टाकलं. तिसऱ्या दिवशी ते बिनबोभाट घरी आलं.

लीलाला म्हटलं, "बघ. आंतर्देशीयावर तिकीट छापलेलं असतं. उकलून काढण्याजोगं काही नाही, म्हणून ते आलं."

"मग आणखी काय पुरावा हवा?" ती म्हणाली.

मला हवा होता. पोस्टासमोर पानाचं दुकान आहे. मी पान खात नाही, पण तिथे उभं राहायला काही कारण लागतं, म्हणून आठवडाभर रोज बडीशेप घेतली. दुपारी साडेतीनला मोहनबाबू पेटी उघडत, पत्रं मेजावर पालथी करत आणि पोत्यात भरत. मंगळवारी मी पाहिलं: त्यांनी मेजावरून चिमट्यानं काहीतरी लहानसं उचललं, उजेडात धरलं आणि औषधाच्या एका चपट्या डबीत ठेवलं. इकडेतिकडे बघून ठेवलं, असं मला वाटलं. आज विचार केला तर ते इकडेतिकडे बघत होते की नुसतीच मान अवघडली होती, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक पोस्टकार्ड घ्यायला गेलो. डबी खिडकीच्या आत, गोंदाच्या वाटीशेजारी उघडीच होती. आत पाच-सहा सुटी तिकिटं होती. एक पालथं पडलेलं. त्याची पाठ निळसर हिरवी होती.

तो रंग जगात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

पोथीची पानं जोडायला मी स्वतः खळ करतो. मैदा, पाणी आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचुदामुळे तिला निळी-हिरवी झाक येते. तिकिटं मी कधी जिभेनं ओली केली नाहीत. ज्या पाकिटात वेदाच्या नियमांचे श्लोक आहेत त्याला उष्टं कसं लावायचं? आणि सरकारी गोंदावर माझा भरवसा नाही, तो कागद पिवळा करतो. म्हणून मी ओल्या कापसानं तिकिटामागचा गोंद पुसून काढत असे आणि माझी खळ लावत असे. पातळ, एकच हात. ज्यांनी मला हे काम शिकवलं ते म्हणायचे, तुझी जोड अशी हवी की शंभर वर्षांनी कुणाला सोडवावीशी वाटली तर नुसता पाण्याचा हात लावून सुटली पाहिजे, मूळ पान फाटता कामा नये. पुठ्ठ्यातलं ते पान मला अखंड मिळालं ते याचमुळे. ते चिकटवणारा कुणी शहाणा माणूस होता.

म्हणजे ते तिकीट माझंच होतं, माझ्या पाकिटावरून उतरलेलं, आणि मोहनबाबूंच्या डबीत पडलेलं.

घरी येऊन मी डाक अधीक्षकांना हिंदीत तक्रार लिहिली. चार पानं झाली. माझ्यासारख्या माणसाला एखाद्याबद्दल चार पानं लिहिता येतात हे मला माहीत नव्हतं. डबी, चिमटा, जर्मन तिकिटाची मागणी, आंतर्देशीयाची परीक्षा, सगळं तारीखवार घातलं. खाली सही केली. पाकिटावर पत्ता लिहिला, वर 'गोपनीय' लिहून खाली रेघ ओढली, एक रुपयाचं तिकीट लावलं. मोहनबाबूंच्या पेटीत टाकणं शक्यच नव्हतं, म्हणून संध्याकाळी संकठा घाटाच्या बाजूच्या गल्लीत जाऊन तिथल्या पेटीत टाकलं. येताना हलकं वाटलं नाही. त्या माणसाची नोकरी जाईल, असा विचार आला. मग वाटलं, जाऊ दे. मग वाटलं, माझं चुकलं असेल तर?

डिसेंबर लागला होता. दुसऱ्याच दिवशी चौथं पाकीट घेऊन मी खिडकीशी उभा राहिलो. तिकिटं आधीच घेऊन ठेवली होती आणि सकाळीच लावली होती. या खेपेला पेटी नाही. रांगेत पुढे सहा माणसं होती, आणि मी मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होतो.

"मेरे सामने ठप्पा मारिए," मी म्हणालो.

मोहनबाबूंनी भिंगांतून वर पाहिलं. "शक है, पंडितजी?"

"नहीं," मी म्हणालो. मग म्हणालो, "हाँ."

मागे खसखस पिकली. मोहनबाबू हसले नाहीत. त्यांनी तराजूवर पाकीट ठेवलं, वजन पाहिलं, ठप्पा शाईच्या गादीवर दाबला आणि जोरात हाणला. ठप्पा वर उचलला, तर पाकिटावर अर्धंच काळं वर्तुळ, आणि पाचाचं तिकीट ठप्प्याच्या तोंडाला चिकटून वर गेलेलं.

"अरे!" मागचा माणूस ओरडला. "ई त ठप्पा के संगे चल दिया!"

मोहनबाबूंनी चिमट्यानं तिकीट सोडवलं. उलटं केलं. त्याच्या निळसर हिरव्या पाठीकडे बघितलं, मग डबीकडे, मग माझ्याकडे.

"तो ये आप हैं!" ते म्हणाले. "चार महीने से सोच रहा हूँ कि ये कौन महापुरुष है. ये गोंद है कि दही?"

"मैदा है," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

उरलेली दोन तिकिटं त्यांनी नुसत्या नखानं सरकवून दाखवली. सरकली. रांगेतले लोक मान पुढे काढून बघत होते. कुणी म्हणालं, पंडितजी तिकिटाला नैवेद्य लावतात. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण पाकीट त्यांच्या हातात होतं आणि डिसेंबर चालू होता.

मोहनबाबूंनी डबी माझ्यापुढे ठेवली. पेटीच्या तळाशी, मेजावर, पोत्याच्या तोंडाशी ही तिकिटं सुटी सापडत, असं त्यांनी सांगितलं. कुणाची ते कळत नसे. "बेच सकता नहीं, फेंक सकता नहीं. रख देता हूँ."

"आणि पाकिटं?" मी मराठीतच विचारलं. मग हिंदीत विचारलं.

"जिसका टिकट रास्ते में गिरा, वो बिना टिकट गया. ऊपर नाम-पता लिखते तो लौटकर आपके पास आता. आप वो भी नहीं लिखते. बड़े डाकखाने में उस पर 'टी' का ठप्पा लगता है, माने जिसको मिले वो दूना भरे. और हवाई जहाज़ से कौन भेजेगा? पानी के जहाज़ से गया होगा. पहुँचेगा, पहुँचेगा. दो-चार महीने में."

बोलता बोलता त्यांनी वाटीतला सरकारी गोंद बोटानं घेतला, तिन्ही तिकिटांना भरपूर फासला आणि ती पाकिटावर अंगठ्यानं दाबून धरली. तो पिवळा, चिकट, कडेनं बाहेर आलेला गोंद मी बघत राहिलो. आयुष्यभर मी ज्या गोष्टीपासून कागद वाचवले, ती माझ्या सहा श्लोकांवर बसत होती, आणि मला ते पटत होतं. मग ठप्पा. एक, दोन, तीन. हलली नाहीत.

"अब जर्मनी वाले भी नहीं छुड़ा पाएँगे," मोहनबाबू म्हणाले. "पीछे नाम लिखिए अपना." मी लिहिलं.

मी वळणार तेवढ्यात ते म्हणाले, "रुकिए, एक और है."

त्यांनी खणातून एक पाकीट काढलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात निळसर हिरवा चौकोन, तिकीट नाही. बाजूला सुटं एक रुपयाचं तिकीट. "आज सवेरे संकठा जी वाली पेटी से निकली. वो पेटी भी हमारे यहाँ ही खुलती है. टिकट अलग, चिट्ठी अलग. बैरंग हो गई, माने बिना टिकट की. बड़े साहब बैरंग लेते नहीं." त्यांनी पाकीट माझ्याकडे वळवलं. "आपकी तो नहीं है?"

माझ्याच अक्षरात 'गोपनीय' लिहिलेलं होतं. खाली रेघ.

नाही म्हणता आलं असतं. मग ते पाकीट कसंबसं अधीक्षकांकडे गेलं असतं, आत माझी सही होती, चार पानं होती, डबी होती, चिमटा होता.

"मेरी है," मी म्हणालो.

मोहनबाबूंनी वाटीत बोट बुडवलं. सुटं तिकीट उचललं. "लगा दूँ? भेज दूँ?"

"नहीं," मी म्हणालो. "नहीं, रहने दीजिए."

"रुपया बेकार जाएगा."

"जाने दीजिए."

त्यांनी पाकीट आणि तिकीट, दोन्ही मला दिलं आणि पुढच्या माणसाला म्हणाले, "हाँ भैया, बोलिए."

घरी येऊन मी दार लावलं. लीलानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, खळ. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "आणि त्या बिचाऱ्याला आपण चोर ठरवलं," ती म्हणाली. तक्रारीचं मी तिला सांगितलंच नव्हतं. आताही सांगितलं नाही.

ती आत गेल्यावर मी ते पाकीट फाडायला घेतलं. फाडावं लागलं नाही. बोट लावताच बंद केलेली बाजू अलगद उघडली. तीही मी माझ्याच खळीनं चिकटवली होती. कुठे ओरखडा नाही, कागदाचा तंतू उचललेला नाही. इतकी स्वच्छ सुटली की ती पहिल्यांदा सुटत होती की दुसऱ्यांदा, हे सांगायचा काही मार्ग नव्हता. एकतीस वर्षं कागदाच्या जोडण्या तपासलेला माणूस मी, भिंग घेऊन उजेडाशी बसलो. काही कळलं नाही. कळू नये अशीच ती केलेली होती.

जानेवारीच्या अखेरीला डॉ. होल्म यांचं पत्र आलं. पाकीट सोळा डिसेंबरला मिळालं होतं. सहाही श्लोक घेतले आहेत, 'घ' बरोबर आहे, आणि तळटीपेत माझं नाव आहे. शेवटी लिहिलं होतं की नाताळानंतर माझी आणखी तीन पत्रं एकदम आली, त्यांच्यावर तिकिटं नव्हती, फक्त कोपऱ्यात हिरवे चौकोन होते. पोस्टमननं दंड घेतला आणि विचारलं की ही भारतातली कुठली पद्धत. मी ते पत्र लीलाला तीनदा वाचून दाखवलं. तिनं चौथ्यांदा वाचायला लावलं.

पाकिटावरची जर्मन तिकिटं मी वाटीत भिजत घातली. सुटायला दुपार गेली. ती कोरडी करून, वहीत दाबून मी पोस्टात घेऊन गेलो. मोहनबाबूंनी ती चिमट्यानं एकेक उचलून पाहिली. खूष झाले. पाकिटाचं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं, आत श्लोक होते, ते छापून येणार. "पहुँच गया न!" म्हणाले.

माफी मागायची म्हणून आलो होतो. पण त्यांनी वाचलंच नसेल तर माफी कशाची? आणि वाचलं असेल तर मागायला उशीर झाला होता.

"एक बात कहूँ, पंडितजी?" तिकिटं डबीत ठेवता ठेवता ते म्हणाले. "हिंदी में आपका अक्षर बड़ा सुंदर है."

मी मान हलवली आणि बाहेर आलो. पानाच्या दुकानापर्यंत आल्यावर थांबलो. तक्रारीच्या त्या लिफाफ्यावर हिंदीत माझ्या हातच्या दोनच ओळी होत्या, पत्ता आणि 'गोपनीय'. दोन ओळींवरूनही अक्षर कळतं, म्हणा.